उन्हाळीच्या नावाखाली

विदर्भात चैत्र अर्ध्यावर आला की दवाखान्यात ‘उन्हाळी’ सुरू होते. लघवीला आग होणे, थेंबथेंब होणे, रंग गडद होणे, या साऱ्याला आमच्याकडे हा एकच शब्द पुरतो. धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा, वाळा घातलेल्या माठातले पाणी असे उपाय घरोघरी चालतात आणि पुष्कळांना त्यांनी बरेही वाटते. कारण ४५ अंशांच्या उन्हात शरीरातले पाणी घटलेले असते आणि कोणत्याही निमित्ताने पाणी पोटात गेले तरी आग कमी होते. या उपायांबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती शब्दाबद्दल. गेली २८ वर्षे मी तालुक्याच्या गावी दवाखाना चालवतो आहे आणि या एका शब्दाआड इतके निरनिराळे आजार लपलेले पाहिले आहेत, की ‘उन्हाळी लागली’ असे कोणी म्हटले की मी आता आगीविषयी नंतर विचारतो. आधी विचारतो, ‘रंग कसा होता?’ रंग लाल होता आणि आग मुळीच नव्हती असे उत्तर आले, तर त्या माणसाला उन्हाळी लागलेली नाही.

दुखत नाही म्हणजे काळजीचे कारण नाही, असा आपला एक हिशेब असतो. लघवीच्या बाबतीत तो उलटा लागतो. आग, वारंवार जावे लागणे, ताप यांच्यासोबत आलेले थोडे रक्त बहुधा जंतुसंसर्गाचे असते. काही न दुखता आलेला लाल रंग मात्र, तो एकदाच येऊन थांबला तरी, तपासावाच लागतो. लिटरभर लघवीत एक मिलिलिटर रक्त मिसळले तरी ती डोळ्यांना लाल दिसते. त्यामुळे ‘एवढे रक्त गेले’ म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पण ते कोठून आले हे कळल्याशिवाय स्वस्थ बसण्याचेही नाही. मूत्रपिंडातला खडा, पुरुषांमधली वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी, मूत्राशयातली गाठ ही कारणे आता बऱ्याच जणांना ठाऊक झाली आहेत. कधी कधी मात्र मुळातला दोष या मार्गात नसतोच. तो रक्तात असतो.

हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा मुठीएवढ्या दोन मूत्रपिंडांकडे जातो. दिवसाकाठी तेथे जवळजवळ १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला दीड-दोन लिटर तेवढा लघवी म्हणून बाहेर पडतो. बाकीचा परत रक्तात घेतला जातो. रक्ताचा एवढा राबता असलेल्या ठिकाणी रक्ताचे दुखणे उमटले नाही तरच नवल. रक्त गोठण्याची शक्ती कमी झाली, तांबड्या पेशींचा आकार बिघडला किंवा रक्तात नको ते प्रथिन साचले, तर त्याची खूण पुष्कळदा लघवीत, मासिक पाळीत किंवा जननेंद्रियांत दिसते. आणि नेमक्या याच गोष्टींविषयी आपल्या घरांत कोणी कोणाशी बोलत नाही.

वृद्धांच्या घरात सर्वाधिक भेटणारा प्रसंग रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा. ७४ वर्षांच्या एका निवृत्त शिक्षकांना हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे वॉरफरिन सुरू होते. एके सकाळी त्यांच्या मुलाने येऊन सांगितले, ‘‘बाबांच्या लघवीतून रक्त आलं. गोळी जास्त झाली असणार. आम्ही दोन दिवसांपासून बंदच केली आहे.’’ त्या दिवशीचा आय.एन.आर. १.९ आला. आठवडाभरापूर्वीच्या चिठ्ठीवर तो २.४ होता, म्हणजे त्यांच्यासाठी ठरवलेल्या २ ते ३ या मर्यादेत अगदी बरोबर. गोळी जास्त झालेली नव्हतीच.

‘रक्त पातळ करणारी’ हे नाव आपण सोयीसाठी देतो. रक्त त्याने पाण्यासारखे होत नाही, त्याला गोठायला वेळ लागतो एवढेच. मूत्राशयाच्या निरोगी अस्तराला ही गोळी भोक पाडत नाही. तेथे आधीच काही नाजूक असेल, तर तिथून झिरपणारे रक्त लवकर थांबत नाही आणि म्हणून नजरेला पडते. त्या शिक्षकांच्या मूत्राशयात सोनोग्राफीत बोराएवढी गाठ दिसली. दुर्बिणीतून ती काढली गेली. तपासणीत ती कर्करोगाची निघाली, पण अस्तराच्या वरच्या थरातच होती. गोळी सुरू नसती तर ती गाठ आणखी काही महिने निमूट वाढत राहिली असती, असे मला वाटते. म्हणून अशा गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या लघवीत रक्त आले, तर त्याची तपासणी इतरांइतकीच पुरती व्हायला हवी. ‘गोळीमुळे झाले’ हे उत्तर सर्व तपासण्या होऊन काही सापडले नाही, तरच मान्य करावे.

दुसरी गोष्ट त्यांच्या मुलाला सांगितली ती अशी, की गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. हृदयात धातूची झडप बसवलेली असेल, तर थोडेच दिवस चुकलेली गोळीसुद्धा झडपेवर गुठळी धरवू शकते. ठोके अनियमित असतील तर पक्षाघाताचा धोका वाढतो. फोन करावा, त्याच दिवशी आय.एन.आर. करावा आणि पुढचे डॉक्टरांना ठरवू द्यावे. रक्त भरपूर जात असेल, चक्कर येत असेल, तर मात्र फोनची वाट न पाहता रुग्णालयच गाठावे. आय.एन.आर. अचानक चढण्याचे कारण पुष्कळदा घरातच सापडते: जुलाबावर घेतलेले मेट्रोनिडॅझोल, लघवीच्या संसर्गावर कोणीतरी सुचवलेले को-ट्रायमॉक्सॅझोल, किंवा दोन आठवडे जेवणच कमी झालेले. पालेभाज्या बंद करण्याची गरज नसते, त्या रोज साधारण सारख्या प्रमाणात असाव्यात. आणि एक गोष्ट निक्षून सांगतो. रक्त थांबवणारी म्हणून मेडिकलच्या दुकानातून परस्पर आणलेली गोळी लघवीतल्या रक्तासाठी घेऊ नये. मूत्रमार्गात घट्ट गुठळ्या होऊन लघवी अडते, आणि तुंबलेल्या मूत्राशयाच्या वेदना ज्याने एकदा सोसल्या तो त्या जन्मात विसरत नाही. हीमोफिलिया असलेल्या मुलांच्या बाबतीतही ही काळजी घ्यावी लागते.

आता आमच्या भागाच्या दुखण्याकडे येतो. विदर्भात आणि सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल नवीन नाही. तांबड्या पेशीतले हीमोग्लोबिन जन्मतःच वेगळे असते; प्राणवायू कमी पडला की पेशी विळ्यासारखी वाकते, कडक होते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी अशा पेशींचे वर्णन १९१० मध्ये प्रसिद्ध केले. भारतात हा आजार १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये आढळल्याची नोंद झाली. हात-पाय ठणकणे, कावीळ, रक्त कमी होणे ही त्याची लक्षणे गावोगावच्या आशाताईंनाही पाठ आहेत. लघवीशी असलेला त्याचा संबंध मात्र फारसा कोणी सांगत नाही.

मूत्रपिंडाच्या गाभ्यात प्राणवायू मुळातच कमी असतो, द्रव खारट आणि आम्लधर्मी असतो. पेशी वाकण्यासाठी याहून सोयीची जागा शरीरात क्वचितच असेल. लहानपणापासूनच तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या बुजत जातात आणि लघवी घट्ट करण्याची मूत्रपिंडाची शक्ती ओसरते. परिणाम असा, की मूल कितीही तहानलेले असले तरी त्याची लघवी पातळ आणि भरपूर होत राहते. रात्री अंथरूण ओले होते.

एक आजी आपल्या नऊ वर्षांच्या नातवाला घेऊन येत असत. मुलाचे आईवडील वीटभट्टीवर. आजींनी त्याची अंथरूण ओले करण्याची सवय मोडण्यासाठी संध्याकाळी सहानंतर पाणी पूर्ण बंद केले होते, आणि वर शेजारणीच्या देखत त्याला लाजवतही होत्या. ‘‘एवढा घोडा झाला डॉक्टरसाहेब, तरी!’’ मुलाला महिन्यात दोनदा गुडघेदुखीचा जोराचा झटका आला होता. आजींना मी सांगितले, की त्याची ही सवय नाही, त्याच्या मूत्रपिंडाला पाणी धरूनच ठेवता येत नाही. तुम्ही पाणी तोडले तरी लघवी व्हायची ती होणारच, फक्त रक्तातले पाणी आटणार आणि पेशी अधिक वाकणार. झटके त्यानेच वाढत होते. आजी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘‘म्हणजे लेकरू तहानेनं रडत होतं ते खरंच होतं.’’ त्या दिवसापासून उशाशी तांब्या, रात्री एकदा उठवणे आणि गादीवर मेणकापड अशी व्यवस्था झाली. तालुक्याच्या रुग्णालयातून हायड्रॉक्सियुरिया सुरू झाले. अंथरूण अजूनही अधूनमधून ओले होते; झटके कमी झाले आहेत. ज्यांच्या घरी सिकलसेलचे मूल आहे त्या आजी-आजोबांनी एवढे एक लक्षात ठेवले तरी पुष्कळ आहे, की त्याचे पाणी कधीही तोडायचे नाही.

ज्यांना आजार नाही, केवळ वाहकपणा आहे, त्यांचे आयुष्य सहसा निरोगी जाते. पण अशा माणसालाही कधी काही न दुखता लाल लघवी होते. रक्त बहुधा डाव्या मूत्रपिंडातून येते, कारण त्या बाजूची शीर लांब असून मोठ्या रक्तवाहिन्यांच्या मध्ये दाबली जाते. मूत्रपिंडाच्या आतल्या टोकांचा थोडा भाग गळून पडण्याचा प्रकारही सिकलसेलमध्ये होतो आणि वेदनाशामक गोळ्यांचा मारा त्याला हातभार लावतो. वाहक तरुणांमध्ये अतिशय विरळ असा एक मूत्रपिंडाचा कर्करोगही आढळतो, म्हणून ‘वाहकच तर आहे’ म्हणून रक्ताकडे दुर्लक्ष करू नये. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या लोकांची तपासणी होते आहे. नातवंडाचे कार्ड वाहक म्हणून आले, की आजोबांच्या मागच्या ‘उन्हाळी’चा अर्थ पुन्हा लावून पाहायला हरकत नाही.

याच आजाराचा एक परिणाम असा आहे, की तो लिहायलाही संपादक दोनदा विचार करतील. सिकलसेल असलेल्या मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये शिश्नाला अकारण ताठरता येते, कसलीही इच्छा नसताना, बहुधा पहाटे झोपेत, आणि ती उतरत नाही. आत गेलेले रक्त वाकलेल्या पेशींमुळे अडकून पडते. वेदना प्रचंड असतात. चार तासांहून अधिक काळ ती टिकली तर आतल्या ऊती कायमच्या निकामी होऊ लागतात आणि पुढे वैवाहिक आयुष्याला मुकावे लागते. उपचार आहे. मूत्ररोगतज्ज्ञ सुईने अडकलेले रक्त काढून औषध देतात. पण तो घड्याळाशी बांधलेला आहे. एकोणीस वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे दुपारी बाराला आला. त्रास पहाटे तीनपासून होता. नऊ तास तो घरात पालथा पडून होता. आईला कसे सांगायचे, वडील काय समजतील, या विचारात सकाळ गेली. मी त्याला ताबडतोब जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. जीव अर्थातच धोक्यात नव्हता; जे गेले ते त्याचे त्यालाच ठाऊक.

त्यानंतर मी सिकलसेलच्या प्रत्येक मुलाला, बारा-तेरा वर्षांचा झाला की, इतरांना बाहेर बसवून हे सांगतो. लघवी करून पाहा, भरपूर पाणी पी, थोडे चाल. बर्फ लावू नकोस, थंडीने पेशी आणखी वाकतात. दोन तासांत उतरले नाही तर कोणालाही उठव आणि मोठ्या रुग्णालयाकडे नीघ. ‘पोटात दुखतंय, गाडी काढा’ एवढे सांगितलेस तरी चालेल. घरच्या वडीलधाऱ्यांना माझी विनंती एवढीच, की पहाटे मुलाने असे काही सांगितले तर प्रश्न वाटेत विचारा. हा त्रास रक्ताच्या कर्करोगाच्या एका प्रकारातही होतो, आणि झोपेसाठी किंवा नैराश्यासाठी दिल्या जाणाऱ्या ट्रॅझोडोनसारख्या औषधानेही क्वचित होतो. तेव्हा तो तरुणांपुरताच आहे असे नाही.

रक्ताचा आणखी एक विकार लघवीत रंग न दाखवता येतो. १८४५ मध्ये लंडनमधील एका किराणा व्यापाऱ्याची हाडे दुखत होती, अशक्तपणा वाढत होता. त्याच्या लघवीत एक विचित्र प्रथिन सापडले: कोमट केल्यावर गढूळ होणारे, उकळल्यावर विरघळणारे, निवल्यावर पुन्हा साकळणारे. हेन्री बेन्स जोन्स या डॉक्टरांनी त्याचा अभ्यास १८४७ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्या प्रथिनाला आजही त्यांचेच नाव आहे. हा आजार मल्टिपल मायलोमा. अस्थिमज्जेतील एक प्रकारच्या पेशी बेसुमार वाढतात, नको ते प्रथिन रक्तात सोडतात आणि ते गाळता गाळता मूत्रपिंडाच्या नळ्या तुंबतात. हा आजार साठीनंतर अधिक दिसतो, आणि त्याची तक्रार काय असते? कंबर दुखते. थकवा येतो. साठीनंतर कोणाची कंबर दुखत नाही? म्हणून वेदनाशामक गोळ्या सुरू होतात, आणि या आजारात त्या गोळ्या मूत्रपिंडाला सर्वांत घातक ठरतात. उन्हाळ्यात पाणी कमी पडले तर अधिकच.

यात फसगत अशी, की लघवीत बुडवायची साधी पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन हेच प्रथिन ओळखते. मायलोमाचे प्रथिन तिला बहुधा दिसत नाही. ‘लघवीची तपासणी नॉर्मल’ असा कागद हातात असूनही मूत्रपिंड बिघडत असू शकते. घरातल्या वयस्क माणसाची कंबर किंवा बरगड्या महिना-दोन महिने दुखत असतील, रात्रीही दुखत असतील, सोबत हीमोग्लोबिन कारणाशिवाय उतरत असेल आणि क्रिएटिनिन चढत असेल, तर डॉक्टरांना सरळ विचारावे, की प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस आणि कॅल्शियम करून पाहायचे का. कोणताही समंजस डॉक्टर या प्रश्नाचा राग मानणार नाही.

स्त्रियांच्या बाबतीत बोलणे आणखी अवघड होते. पाळी थांबून दहा-पंधरा वर्षे झालेल्या आजींना कपड्यावर लाल डाग दिसला, तर त्या तो स्वतः धुऊन टाकतात. सुनेला सांगत नाहीत, मुलाला तर नाहीच. त्या रक्त पातळ करणारी गोळी घेत असोत वा त्यांच्या प्लेटलेट कमी असोत, पाळी गेल्यानंतरचा एकही डाग तपासल्याशिवाय सोडू नये. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग याच वाटेने लवकर सापडतो आणि लवकर सापडला तर बराही होतो. पुष्कळदा निघते ते केवळ योनीच्या त्वचेचे कोरडेपण, आणि त्यावर मलम पुरते.

नातीच्या पाळीकडेही आजींनीच लक्ष द्यावे, असे मी म्हणेन. फिनलंडजवळच्या ऑलंड बेटांवरच्या एका मुलीचे रक्त थांबत नसे. एरिक फॉन विलेब्रांड यांनी तिच्या कुटुंबाचा अभ्यास करून १९२६ मध्ये हा आनुवंशिक विकार मांडला, आणि तेराव्या वर्षी, आपल्या चौथ्या पाळीत, ती मुलगी रक्तस्रावाने गेली. आज याच विकारावर औषधे आहेत, तरीही ‘आमच्याकडे सगळ्यांनाच जास्त जाते’ असे म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या झाकला जातो. सगळ्यांनाच जास्त जाते, हीच तर त्याची ओळख. तासा-दोन तासांनी पॅड बदलावे लागत असेल, पाळी आठवड्याहून अधिक चालत असेल, दात काढल्यावर रक्त थांबले नसेल, तर लोहाच्या गोळ्यांवर न थांबता रक्त गोठण्याच्या तपासण्या कराव्यात.

रंगाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण प्रत्येक लाल लघवी रक्ताची नसते. बीट खाल्ल्यावर, क्षयरोगाचे रिफॅम्पिसिन सुरू असताना लघवी लाल-नारिंगी होते. कोऱ्या चहासारखी गडद लघवी, विशेषतः मलेरियाचे प्रायमाक्विन सुरू केल्यावर दोन-तीन दिवसांत झाली, तर औषध थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. काहींच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचे विकर जन्मतः कमी असते आणि त्या औषधाने पेशी फुटतात. तेव्हा पट्टी रक्त दाखवते, पण सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दिसत नाहीत.

डॉक्टरांकडे येताना आठवून यावे: रक्त धारेच्या सुरुवातीला होते, शेवटी होते, की पूर्ण धारच लाल होती? सुरुवातीचे रक्त मूत्रनलिकेतले, शेवटचे बहुधा मूत्राशयाच्या तोंडाचे किंवा प्रोस्टेटचे, आणि पूर्ण धार लाल असेल तर मूत्राशय किंवा त्याहून वरचे. गुठळ्या होत्या का, गांडुळासारख्या लांब होत्या का? सांगायला शब्द सापडत नसतील तर पांढऱ्या भांड्यात लघवी घेऊन मोबाइलवर फोटो काढावा. हल्ली माझे कितीतरी आजोबा तोंडाने काही न बोलता फोन पुढे करतात, आणि तेवढ्याने माझे काम भागते. सुरू असलेल्या सर्व गोळ्या, डोळ्यांच्या थेंबांपासून काढ्याच्या बाटलीपर्यंत, एका पिशवीत घालून सोबत आणाव्यात.